‘असूड’ ऐकणारा कोण, वाचणारा कोण?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य हातून आपोआप उतरतं: ‘लेखकाने सर्वसामान्य वाचकाशी त्याच्याच भाषेत संवाद साधला आहे.’ मीही ते लिहिलं होतं, जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’बद्दल. सादरीकरणात समितीतल्या एका बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, “१८८३ मधला शेतकरी हे पुस्तक वाचणार कसा?” मी म्हटलं, “म्हणजे मॅडम, ऐकत असेल.” “असेल म्हणजे? पुस्तकात बघितलंत का?”

बघितलं नव्हतं. पुस्तक दोनदा वाचलं होतं, पण हा प्रश्न घेऊन वाचलं नव्हतं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या त्याच टप्प्यावर असाल, म्हणून पुढचं सगळं जरा सविस्तर लिहिते.

त्या वाक्याची अडचण अशी, की ती स्तुती आहे, निष्कर्ष नाही. एखादं पुस्तक ज्याच्याबद्दल आहे, ज्याच्या भल्यासाठी आहे आणि ज्याला उद्देशून आहे, ही तीन वेगवेगळी माणसं असू शकतात. आपण त्यांना ‘वाचक’ या एका शब्दात कोंबतो आणि पुढे जातो. ‘असूड’वरच्या कितीतरी लेखनात हेच दिसतं: शीर्षकात शेतकरी आहे, विषय शेतकरी आहे, म्हणजे वाचकही शेतकरीच.

आता फुल्यांचाच पुरावा घ्या. १८६९ च्या शिवाजीराजांवरील पवाड्याच्या प्रस्तावनेत ते आपला श्रोता नाव घेऊन सांगतात. कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा म्हणून लांबलचक संस्कृत शब्द टाळले, असं त्यांचं म्हणणं आहे. श्रोता कोण आणि म्हणून भाषा कशी, हा हिशोब त्यांनी स्वतःच मांडून ठेवलाय. मग चौदा वर्षांनी आलेला ‘असूड’ उघडा. वाक्य सुरू होतं आणि अर्धं पान संपलं तरी क्रियापद येत नाही. मध्ये संस्कृत वळणाचे शब्द, कचेरीतले फारसी शब्द, इंग्रजी हुद्दे आणि त्यांच्याच शेजारी गोठ्यातले, चुलीपुढचे शब्द. ‘शेतकऱ्याची साधी भाषा’ म्हणून कुणी याचं कौतुक केलं, तर त्याने पुस्तक उघडलं नसावं अशी शंका घ्यायला हरकत नाही.

मग फुले श्रोत्याला विसरले का? इथे उपोद्घात नीट वाचावा लागतो. (त्यातल्या सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध ओळी सगळ्यांना पाठ असतात, बाकीचा उपोद्घात फारसा कोणी वाचत नाही.) ग्रंथ तयार होत गेला तसतसा तो वेगवेगळ्या गावच्या लोकांना वाचून दाखवला, असं ते नोंदवतात. गावांची नावंही देतात. त्यात पुणे, मुंबई आहेत, तशीच जुन्नर, ओतूर, हडपसरही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी तो लक्षपूर्वक ऐकला आणि पैशाची मदत केली, याचीही नोंद आहे. म्हणजे हे पुस्तक छापण्याआधी ऐकवलं गेलं, आणि ऐकणाऱ्यांत ओतूरचे लोक होते तसेच एक महाराजही होते. माझं ‘ऐकत असेल’ हे उत्तर बरोबर निघालं, पण ते अंदाजाने दिलेलं होतं. समितीपुढे अंदाजाला शून्य गुण.

हे कळल्यावर पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून बघा, खरंच बघा. शेतकऱ्याच्या जन्माच्याही आधीपासून मरणानंतरच्या श्राद्धापर्यंत, आणि मग चैत्रापासून महिनावार सणासुदीला, भटजी त्याच्याकडून काय काय घेतो याची ती यादी आहे. डोळ्यांनी वाचताना ती कंटाळवाणी होते, माझीही झाली होती. कानाने ऐकताना तिचं काम वेगळं आहे. ऐकणाऱ्याला आपलंच घर, आपलंच वर्ष समोरून जाताना दिसतं. पुढचा सण कोणता हे त्याला आधीच माहीत असतं आणि त्यावर काय द्यावं लागलं हेही. लांब वाक्य इथे चूक नाही. वाक्य संपत नाही, कारण देणंही संपत नाही. चौथ्या प्रकरणात हताश होऊन घरी परतणारा शेतकरी स्वतःशीच बोलतो, आणि त्यानंतर त्याच्या घराचं, भांड्याकुंड्यांचं बारीक वर्णन येतं. तेही असंच ऐकणाऱ्याच्या ओळखीवर उभं आहे.

पण पाचव्या प्रकरणापाशी हे स्पष्टीकरण पुरत नाही. तिथे सूचना येतात: फौज आणि पोलिसांकडून तलाव, बंधारे बांधून घ्यावेत, शेतीची प्रदर्शनं भरवून बक्षिसं द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीची विद्या बघायला विलायतेला पाठवावं. ओतूरच्या श्रोत्याने यातलं काय करायचं? काहीच नाही. हे बोलणं सरकारशी आहे. शेतकरी समोर बसलेला आहे, पण त्याच्या खांद्यावरून फुले साहेबाशी बोलताहेत, आणि आपल्या वतीने कोणी साहेबाशी असं बोलतंय हे त्या शेतकऱ्याने ऐकावं, हाही हेतूच आहे. माझ्या मते ‘असूड’ची खरी ताकद या दुहेरी बोलण्यात आहे, आणि ‘त्याच्याच भाषेत’ हे वाक्य नेमकं तेच झाकून टाकतं.

याला सिद्धांताचा आधार हवा असेल, तर वॉल्टर ऑन्ग यांचा १९७५ चा निबंध बघा. लेखकाचा वाचक हा नेहमी कल्पनेतलाच असतो, असं ते मांडतात. लिसा ईडी आणि अँड्रिया लन्सफर्ड यांनी १९८४ मध्ये त्यात एक उपयोगी भेद आणला: प्रत्यक्ष समोर असलेला वाचक आणि मजकूर ज्याला बोलावून आणतो तो वाचक. पण फुल्यांना ऑन्गच्या साच्यात सरळ बसवू नका. ऑन्ग यांचा लेखक खोलीत एकटा आहे, तर फुले लिहिता लिहिता माणसांसमोर वाचताहेत. साचा जिथे तुटतो तिथेच तुमच्या प्रबंधाला काही म्हणायला मिळतं. सिद्धांताचं एक प्रकरण आधी लिहायचं आणि मग पुस्तक त्याला ‘लावायचं’, या सवयीमुळे ती जागा दिसतच नाही.

आणखी एक उदाहरण ‘गुलामगिरी’चं, १८७३. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना, इंग्रजीत. एक प्रस्तावनाही इंग्रजीत. आणि आत मराठीत धोंडीबा व जोतीराव यांचा संवाद. एकाच बांधणीत निदान दोन श्रोते, आणि धोंडीबाच्या रूपाने श्रोत्याला चक्क प्रश्न विचारणारं पात्र करून बसवलेलं. ‘वाचक कोण?’ याचं उत्तर इथे एका ओळीत देणाऱ्याने पानं मोजलेली नाहीत.

फुल्यांचा नेम सगळीकडे बसतो असंही म्हणायला नको. ‘असूड’च्या तिसऱ्या प्रकरणात आर्य इराणातून कसे आले याचा जो लांब इतिहास येतो, तिथे मला समोरचा श्रोता हरवल्यासारखा वाटतो. ते बोलणं शिकलेल्या विरोधकाशी आहे. तिथे जुन्नरकर मंडळी जांभया देत असतील का? याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून प्रबंधात हे वाक्य नाही. इथे लिहायला हरकत नाही.

राहिला छापखाना. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’त पहिली दोन प्रकरणं आली, पुढची आली नाहीत. म्हणजे गावागावांत ऐकलेलं, राजाने ऐकलेलं पुस्तक आपल्याच चळवळीच्या पत्रात अडलं. श्रोते मिळाले होते, वाचकांपर्यंत जायची वाट मात्र बंद झाली. माझ्या सिनॉप्सिसमधल्या त्या वाक्यात छापणारा माणूस कुठेच नव्हता. दुसऱ्या मसुद्यात त्याच्यासाठी एक अख्खं उपप्रकरण केलंय, आणि बाईंनी त्याच्या समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. कशाबद्दल, ते सोमवारी कळेल.