‘लिहाफ’ ते ‘मित्राची गोष्ट’ : कारण मागणारी नजर

इस्मत चुगताई यांचे नाव निघाले की उर्दू वाचकाला आधी ‘लिहाफ’ आठवतो आणि ‘लिहाफ’ आठवला की तो विषय बदलतो. आमच्या स्टाफरूममध्येही तेच घडते. ‘टेढी लकीर’वर तासभर बोलणारी माणसे या छोट्याशा अफसान्यावर दोन वाक्ये बोलत नाहीत. १९४२ साली तो ‘अदब-ए-लतीफ’मध्ये छापून आला. पुढे अश्लीलतेच्या आरोपाखाली इस्मत आपांना मुंबईहून लाहोरच्या कोर्टात जावे लागले. तिथे साक्षीदाराने बोट ठेवले ते ‘आशिक’ या शब्दावर! खटला टिकला नाही, बदनामी मात्र जन्मभर टिकली.

खरे तर कथेतल्या हवेलीत कुणालाच धक्का बसत नाही. नवाबसाहेब हाजी, घरात कधी तवायफ आली नाही म्हणून नेक. गोऱ्या, सडपातळ विद्यार्थी पोरांचा त्यांचा शौक सर्वांना ठाऊक आणि सर्वांना मान्य. बेगम जान आणि रब्बो यांच्यावर बायका बैठकीत विनोद करतात, बाकीच्या नोकराण्या रब्बोवर जळतात, एवढेच. आपल्या समाजाची ही रीत इस्मत आपांनी अचूक पकडली आहे: माहीत सगळ्यांना असते, फक्त नाव घ्यायचे नसते.

पण मला खटकते ते दुसरेच. बेगम जानला एक कारण दिलेले आहे, नवाबाची बेपर्वाई. ‘कागजी है पैरहन’ या आत्मकथनात इस्मत आपा सांगतात, की जिच्यावरून बेगम जान रेखाटली ती बाई पुढे त्यांना भेटली. तलाक घेऊन तिने दुसरे लग्न केले होते, तिला मुलगाही होता. ते पाहून लेखिकेला धन्य वाटले. म्हणजे चांगला नवरा मिळाला आणि प्रश्न मिटला! इतक्या निडर लेखिकेनेही शेवटी समाजाचाच हिशोब मान्य केला, असे म्हणावे लागते.

दीपा मेहतांच्या ‘फायर’मध्येही तेच आहे. एका जावेचा नवरा ब्रह्मचर्य पाळतो, दुसरीचा बाहेर गुंतलेला. डिसेंबर १९९८मध्ये शिवसैनिकांनी मुंबईत चित्रपटगृहे फोडली, तेव्हा राग राधा आणि सीता या नावांवर होता. पात्रांना मुसलमान नावे द्या, असेही सुनावले गेले. आपल्या बायकांवर असे सहज ढकलले गेले म्हणून आपण दुखावलो, ते योग्यच. पण अशी गोष्ट रत्नागिरीच्या एखाद्या मोहल्ल्यात घडताना लिहिली तर आपण तरी काय म्हणू? ‘नवरा कुवेतला, दोन-दोन वर्षे येत नाही, मग काय होणार!’ हे बोलणे वरवर दयाळू वाटते. त्यात त्या बाईच्या मनाला मात्र काडीची किंमत नाही.

या पार्श्वभूमीवर विजय तेंडुलकरांचे १९८१चे ‘मित्राची गोष्ट’ मला अधिक धीट वाटते. नाटक चाळीसच्या दशकातल्या कॉलेजात घडते. सुमित्रा ऊर्फ मित्राला कुणी नवऱ्याने टाकलेले नाही, कुणी फसवलेले नाही. आपण अशाच आहोत हे तिला कळते, आणि ते कळणे इतके जड जाते की ती जीव द्यायला निघते. वाचते, नमावर प्रेम करते. नमाचा प्रियकर दळवी पत्रांचे हत्यार करतो, आणि अखेर मित्रा आत्महत्या करते. बेगम जानला कारण होते म्हणून ती हवेलीत राहू शकली. मित्राकडे कारण नव्हते. नाटक तिच्यावर पूर्ण माया करते, पण तिला जगवण्याची वाट तेंडुलकरांनाही दिसली नाही. पुढच्या लेखकांनी हा शेवट सवयीने उचलू नये.

आणखी एक. ‘लिहाफ’ सांगते भिंतीवरच्या सावलीला हत्ती समजून घाबरलेली लहान मुलगी. मित्राची कहाणी सांगतो बापू, तिचा साधा, भिडस्त मित्र. तो त्या दोघींच्या भेटींसाठी आपली खोली देतो, पण दळवीपुढे त्याचे काही चालत नाही. नाटकाच्या नावातला ‘मित्र’ नेमका कोण, हा श्लेष तेंडुलकरांनी मुद्दामच ठेवला असावा. नमाच्या तोंडून ही गोष्ट ऐकायची झाली तर ती कुठे सुरू होईल? आणि रब्बोच्या तोंडून? नोकराणीला तर ‘लिहाफ’वर लिहिणाऱ्या समीक्षकांनीही फारसे विचारलेले नाही.