पाहुणे आले की घर दिसतं

टोकियोतल्या एका कुटुंबावर कथा लिहायची होती. मी वहीत जपानी घराची यादीच केली: दारात चपला काढायचं गेनकान, तातामीच्या चटया, कागदी सरकती दारं, कोतात्सू. पहिला खर्डा वाचला, तर फर्निचरच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं.

मग यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) पुन्हा पाहिला. कॅमेरा जमिनीलगत ठेवण्याच्या त्याच्या सवयीबद्दल खूप लिहून झालंय. मला यावेळी दिसलं ते एक टेबल. ओनोमिचीहून आजी-आजोबा येणार म्हणून नातवाचं अभ्यासाचं टेबल खोलीबाहेर काढलं जातं आणि तो चिडतो. डॉक्टर मुलाच्या घरात आईवडिलांना किती जागा आहे, ते तिथेच कळतं. पुढे विधवा सून नोरिको त्यांना आपल्या एका खोलीत आणते. साकेसुद्धा शेजारणीकडून उसनी आणावी लागते, पण तिथे ते दोघं मोकळे होतात.

ओझूच्या घरात प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी वाटेत येते. माझ्या कोतात्सूभोवती कुणी कुणाला ‘जरा सरक’ म्हणत नव्हतं. यादी फाडली. आता पहिला प्रश्न एवढाच: पाहुणा आला तर झोपेल कुठे, आणि त्याच्यासाठी उठेल कोण?