कीटकाकृती लघुप्रतिमा आणि त्यांचे रंग

कीटकाचा रंग उचलणे सोपे आहे; तो रंग त्याच्या अंगावर ज्या कारणाने आला ते कारण उचलणे अवघड आहे. पटावरील खेळांसाठी घडविलेल्या चिमुकल्या कीटकाकृतींच्या रंगकामात हा भेद फार स्पष्ट दिसतो. इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या संस्थेने १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यातील ‘टिरॅनिड’ नामक काल्पनिक प्राण्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिमा रंगविणारांना निसर्गातील धीट रंगांचे मोठे आकर्षण असते. सहा अवयव आणि कठीण कवच यांमुळे हे प्राणी कीटक भासतात. तोंडवळा मात्र बराचसा डायनोसॉरचा आहे. येथूनच अडचणीस प्रारंभ होतो.

निसर्गात कीटकांचा भडकपणा एकाच जातीचा नसतो. गांधीलमाशीचा पिवळा-काळा किंवा लेडीबर्ड भुंगेऱ्याचा तांबडा-काळा रंग हा इशारा होय. काही सुरवंट इतके उठावदार का असतात, हा डार्विनचा प्रश्न होता. सुरवंट ही अप्रौढ अवस्था असल्याने जोडीदाराच्या निवडीचे कारण तेथे लागू पडत नव्हते. वॉलेसने १८६७ मध्ये सुचविले की, हा रंग भक्षकासाठी आहे: बेचव प्राणी दुरूनच ओळखू यावा. म्हणून इशाऱ्याच्या रंगांत रंग थोडे, त्यांच्या कडा स्पष्ट आणि विरोध तीव्र असतो. पटावरील प्रतिमेची गरज नेमकी हीच आहे. बोटाएवढी ती आकृती खेळणारा हातभर अंतरावरून पाहतो. तिला दुरून ओळखू येणे भागच आहे. सहा-सात झगझगीत रंग एकाच अंगावर चढविणारा रंगकार निसर्गाचे नाव घेऊन निसर्गाच्या उलट वागतो.

सोनकिड्याची हिरवी झळाळी ही अगदी निराळी गोष्ट. ती रंगद्रव्याची नाही. कवचातील अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या मेळातून ती उपजते आणि पाहणाराची जागा बदलली की बदलते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील बसोहलीच्या चित्रकारांनी ही झळाळी रंगविण्याचा प्रयत्नच केला नाही. दागिन्यांतील पाचूंच्या जागी त्यांनी भुंगेऱ्याच्या पंखकवचाचे तुकडेच चिकटविले. लघुप्रतिमेचा रंगकार मात्र चकाकीचा पांढुरका ठिपका कवचावर कायमचा काढून ठेवतो. प्रतिमा फिरविली तरी ठिपका हलत नाही, आणि मग कवच ओले किंवा चिनी मातीचे वाटू लागते. अलीकडे मिळणारे, कोनानुसार छटा पालटणारे रंग या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजेत. पण तेही सर्व अंगभर फासले की प्राणी पत्र्याचा दिसतो. खऱ्या भुंगेऱ्यात कवच चकाकते, सांध्यांची त्वचा निस्तेज राहते. या दोहोंच्या शेजारामुळेच चकाकी जाणवते. कवचावर रोगण आणि सांध्यांवर निस्तेज लेप, एवढ्या साध्या उपायाने जे साधते ते पुष्कळदा चार नव्या रंगांनी साधत नाही.

या दृष्टीने निर्मात्यांच्याच दोन रूढ रंगयोजना ताडून पाहण्यासारख्या आहेत. ‘बेहेमोथ’ टोळीचे शरीर तांबडे व कवच निळे; ‘लेव्हायथन’ टोळीचे शरीर हाडासारखे फिकट आणि कवच जांभळे. पहिलीत दोन्ही रंग सारख्याच जोराने पुढे येतात, त्यामुळे अवयवांची घडण हरवते. दुसरीत फिकट त्वचा मागे सरते व कवच ठसते. जांभळ्या कवचाच्या कडेवरून आत ओढलेल्या बारीक फिकट रेषांवर हस्तकौशल्याचे प्रदर्शन असा आक्षेप घेता येईल. परंतु त्या रेषा शिंगाच्या किंवा नखाच्या वाढीची आठवण देतात, आणि म्हणून त्या शोभतात.

बैठकीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. लेडीबर्डचा तांबडा रंग धीट दिसतो तो हिरव्या पानावर. तीच प्रतिमा विटकरी मातीच्या बैठकीवर उभी केली, तर अंगावरचे सारे कष्ट हातभर अंतरावरून दिसेनासे होतात.