मार्सेलिस निवाडा आणि प्रत्यार्पणाचे तत्त्व : एक चिकित्सा

वि. दा. सावरकर यांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात 'मोरिया' बोटीतून घेतलेल्या उडीवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या उडीतून उद्भवलेल्या हेग येथील लवादाच्या २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्याची मात्र बहुधा दोन ओळींत बोळवण होते. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर ज्या रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, त्यात आज सिंधुदुर्गात असलेला मालवण तालुकाही होता. निदान या किनाऱ्यावर तरी ही उपेक्षा खटकावी.

लंडनहून त्यांची पाठवणी झाली ती १८८१ च्या फरारी गुन्हेगारांविषयीच्या कायद्याखाली, म्हणजे साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात. प्रत्यार्पणास दोन सार्वभौम राज्ये लागतात. एकाने रीतसर मागणी करावयाची. दुसऱ्याने अपराध करारात बसतो काय, तो राजकीय तर नाही ना, हे तपासावयाचे. १८७६ च्या ब्रिटन-फ्रान्स करारात राजकीय अपराध वगळलेले होते. सावरकरांचे पाऊल फ्रेंच भूमीवर पडताच ही तपासणी आवश्यक ठरली. परंतु फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून लगेच बोटीवर पोहोचविले.

अटकेत व सुपूर्दगीत अनियमितता घडली, हे लवादाने मान्य केले. तथापि फसवणूक वा बळजबरी झालेली नाही आणि परकीय अधिकाऱ्याच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असा कौल दिला. दोष मान्य, परिहार अमान्य! फ्रेंच पोलिसांनी सहकार्य आधीच कबूल केले होते, हा मुद्दा फ्रान्सविरुद्ध खचितच लागू पडतो. कैद्याविरुद्ध तो कसा लागू पडावा? लवादापुढे तो पक्षकारही नव्हता. जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याच्या आरोपावरून फ्रान्सने कदाचित प्रत्यार्पण मान्यही केले असते. पण तो निर्णय रीतसर चौकशीअंती व्हावयाचा होता. प्रत्यक्षात मुंबईच्या विशेष न्यायाधिकरणाने २४ डिसेंबर १९१० आणि ३० जानेवारी १९११ रोजी, निवाड्याची वाट न पाहता, जन्मठेपेच्या दोन शिक्षा ठोठावल्या होत्या.

भारताच्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यात दंडाधिकाऱ्याची चौकशी आणि राजकीय अपराधाचा अपवाद, दोन्ही आहेत. छाननीचे मोल १९९३ च्या मुंबई बाँबस्फोट खटल्यातील आरोपी अबू सालेमच्या प्रकरणातही दिसते. त्याला २००५ मध्ये सुपूर्द करण्यापूर्वी पोर्तुगालने फाशी अथवा २५ वर्षांहून अधिक कारावास न देण्याची हमी घेतली होती. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती हमी पाळण्याचे बंधन केंद्र शासनावर असल्याचे स्पष्ट केले.