खारीचा वाटा

मराठीत 'खार' शब्दाला अर्थ पुष्कळ. लोणच्याला खार सुटतो, कुणी कुणावर खार खाऊन असतो, लग्नसराईत खिशाला खार लागतो. पण झाडावरून तुरुतुरु उतरणाऱ्या खारीने भाषेला दिलेला 'खारीचा वाटा' या सगळ्यांत लोभस आहे.

कथा ओळखीचीच. वानर शिळा वाहत असताना खार पाण्यात भिजते, वाळूत लोळते आणि सेतूवर जाऊन अंग झटकते. वाल्मीकींच्या युद्धकांडात मात्र ही खार नाही. तिथे नलाच्या देखरेखीखाली 5 दिवसांत 100 योजनांचा सेतू होतो आणि रोजच्या कामाचा हिशेबही चोख दिला आहे: 14, 20, 21, 22, 23. लोककथेने या हिशेबात न बसणारी चिमूटभर वाळू आणली, आणि शिळांमधल्या फटी बुजवायला तीच कामी आली. रामाने कौतुकाने पाठीवर बोटं फिरवली, त्यांचे पट्टे उमटले. अंगणातल्या खारीच्या पाठीवर ते आजही दिसतात. भीमाशंकरच्या शेकरूला पट्टे नाहीत, त्यामुळे राज्यप्राण्याचा मान मिळूनही या कथेत त्याला जागा नाही.

खरी गोडी आहे ती 'वाटा' या शब्दात. 'खारीची मदत' असं कुणी म्हणत नाही. मदत करणारा बाहेरचा असू शकतो. वाटा असतो तो हक्कदाराचा, वडिलोपार्जित जमिनीतला किंवा भागीदारीच्या धंद्यातला. एवढ्याशा जिवाला भाषेने थेट सेतूची वाटेकरीण करून टाकलं! इंग्रजीत खारीच्या नावाचंच एक क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ आहे, गुपचूप साठवून ठेवणं. हिवाळ्याची बेगमी करणारी थंड मुलखातली खार त्यात दिसते. मराठीतली खार जवळ काही ठेवत नाही, अंगावरची वाळूसुद्धा झटकून मोकळी होते.

हल्ली समारंभात आभार मानणारे सर्रास सांगतात, 'अमुक साहेबांनी खारीचा वाटा उचलला.' बिचारे साहेब हसून मान डोलावतात. हा शब्दप्रयोग शोभतो तो स्वतःबद्दल बोलताना. तेव्हा ती नम्रता असते. दुसऱ्याला लावला की तोच त्याचं देणं लहान करतो. म्हणून आपला असेल तो खारीचा वाटा म्हणावा. दुसऱ्याचा असेल तर नुसतं 'वाटा' म्हणावं.