पीठ, विद्यापीठ आणि विस्तार

आपल्या अनियतकालिकांत कवितासंग्रहांची परीक्षणं येतात. दोनशे प्रती खपलेल्या संग्रहावर चार-चार पानं खर्ची पडतात. पण मैदानात हजारो माणसांसमोर ठोकलेल्या भाषणाचं परीक्षण कोणी लिहीत नाही. भाषण हे वाङ्मय नाही म्हणे. मग लोकांची डोकी फिरवतं ते काय असतं? कवितेनं कुणाची झोपडी पेटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. भाषणानं पेटल्याचं सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलंय. म्हणून मी ह्या वेळी नामांतराच्या सोळा वर्षांतले चार शब्द परीक्षणाला घेतोय.

आधी हकिकत. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ निघालं १९५८ साली. म्हणजे विद्यापीठाच्या आठ वर्षं आधी बाबासाहेबांनी तिथं पेरणी केलेली. त्या विद्यापीठाला त्यांचं नाव द्या, एवढीच मागणी. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. शरद पवार मुख्यमंत्री होते. ठरावाची शाई वाळायच्या आत मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळायला लागल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारलं. ठराव बासनात गेला. १९७९ साली जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून लाँग मार्च काढला. लाठ्या, तुरुंग, मरणं, सगळं झालं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवारच.

आता शब्द बघू.

पहिला शब्द, पीठ. शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचा नामांतराला विरोध होता. ज्यांच्या घरात पीठ नाही त्यांना विद्यापीठ कशाला, अशा मतलबाचं यमक त्यांच्या नावावर महाराष्ट्रभर फिरलं. कवी म्हणून मी ह्या यमकाकडं बघतो. विद्यापीठातलं पीठ म्हणजे आसन, जागा. दळणाचं पीठ निराळं. दोघांचं काही नातं नाही, फक्त आवाज सारखा. पण कानाला जुळलं की माणसाला वाटतं, मुद्दाच जुळला. ऐकणारा आधी हसतो, आणि हसला की त्याला पटलेलंच असतं. ह्याला उत्तर देणार कसं? आमच्या घरात पीठ आहे म्हणालात तर नामांतराचा वाद सोडून डब्याचा हिशेब देत बसलात. नाही म्हणालात तर त्याचंच म्हणणं खरं केलंत. घरात पीठ का नाही, जमीन कुणाच्या नावावर आहे, राबतो कोण आणि कणगी कुणाची भरते, हा खरा सवाल. तो यमकाखाली गाडला गेला.

दुसरा शब्द, अस्मिता. मराठवाड्याच्या अस्मितेला धक्का लागतोय, असं म्हणणारे सगळेच गुंड नव्हते. निजामाविरुद्धच्या लढ्यात तुरुंग भोगलेली, मान असलेली माणसंही त्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या जोखडातून सुटला, त्या आठवणीला त्यांनी हात घातला. म्हणून हा शब्द जास्त घातक. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आपण' म्हटलं की समोरचाही त्यात येतो. पुढारी म्हणतो, आपला मराठवाडा, आपली अस्मिता. मग पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबणारा, त्याच निजामाच्या अमलात भरडलेला महार-मांग ह्या 'आपण'मध्ये का नाही? त्याचं नाव न घेता त्याला बाहेर काढलं. शिवी दिली असती तर निदान ओळखू तरी आली असती. गोड 'आपण' कुणाला ओळखू येत नाही.

तिसरा शब्द, दंगल. पेपरातली आणि पुढाऱ्यांच्या निवेदनांतली भाषा आठवा. दंगल उसळली. भावना भडकल्या. वातावरण तंग झालं. ह्या वाक्यांना कर्ताच नाही. दंगल म्हणजे मूळ कुस्तीचा फड. त्यात दोघं उतरतात, दोघं अंगाला माती लावतात. इथं एकजण घरात होता आणि दुसरा घर पेटवायला आला होता. भावना कधी रॉकेलचा डबा घेऊन येत नाहीत, माणसं येतात. त्यांना नावं असतात, गावं असतात, पाठीशी कुणीतरी असतं. वाक्यातनं कर्ता गाळला की फिर्यादीतनंही आरोपी गाळायला सोपं जातं.

चौथा शब्द, विस्तार. लढलो नामांतरासाठी, हाती आला नामविस्तार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. हा शब्द मुत्सद्द्याच्या टाकसाळीतला आहे. एका सभेला सांगता येतं, बघा नाव दिलं. दुसऱ्या सभेला सांगता येतं, बघा तुमचं नाव हलवलं नाही. दोन्हीकडं टाळ्या. कमानीवरचं नाव मी कमी लेखत नाही, ते रक्तानं मिळालंय. पण त्याच १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. ज्या नांदेडात पोचिराम कांबळे मारले गेले आणि गौतम वाघमारे जळाले, त्या जिल्ह्यातली कॉलेजं बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाखाली राहिली नाहीत. नावाचा विस्तार झाला आणि विद्यापीठाचा मुलूख आटला. हे त्या शब्दात कुठं दिसतं का?

आता आपल्या घरात येऊ. २०११ साली रामदास आठवले यांच्या रिपब्लिकन पक्षानं शिवसेना-भाजपशी युती केली. घोषणा काय, तर शिवशक्ती-भीमशक्ती. जानेवारी २०२३ मध्ये उद्धव ठाकरे आणि प्रकाश आंबेडकर यांची युती जाहीर झाली तेव्हाही तीच घोषणा पुन्हा कानावर आली. २०२४ च्या लोकसभेला दोघं वेगळे लढले. युती करावी की करू नये हा वेगळा वाद, राजकारणात ती करावी लागते. माझा सवाल शब्दाचा आहे. पीठ-विद्यापीठाचं यमक कुणी मागं घेतलं का? नाही. त्यावर दुसरं यमक चढवलं, आणि आपण त्याच्यावर नाचलो. गिरणीत कापडाला खळ देतात तसं हे. विरळ कापडही खळीनं जाड नि कडक दिसतं. पहिल्या धुण्याला खरं काय ते कळतं.

बाबासाहेब शब्दाच्या बाबतीत किती कडक होते ते बघा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांच्या भाषणातला काही मजकूर गाळायला सांगितला. ते स्वल्पविरामसुद्धा बदलायला तयार झाले नाहीत. परिषद गेली, पण भाषण त्यांनी स्वतः छापलं. १९३८ साली मुंबई विधानसभेत काँग्रेस सरकार 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालत होतं. आपल्याला काय म्हणायचं ते आपल्याला न विचारता ठरवत होते. बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभात्याग करून बाहेर पडले. सरकारी कागदात तो शब्द वापरू नका, असं केंद्र सरकारनं राज्यांना कळवलं ते १९८२ साली. चव्वेचाळीस वर्षांनी. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं की धर्मातली भक्ती माणसाला मुक्तीकडं नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. हे त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या पुढाऱ्यांबद्दल सांगितलेलं नाही.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या सभेला जाताना खिशात वही ठेवा. 'आपण' म्हणाला तर त्यात कोण आला आणि कोण राहिला ते लिहा. 'झालं', 'उसळलं', 'भडकलं' म्हणाला तर कर्ता शोधा. यमक जुळलं तर टाळी वाजवायच्या आधी यमक काढून ते वाक्य पुन्हा म्हणून बघा. काय उरतं? जय भीम म्हणून सुरुवात केली म्हणून कुणाला यातनं सूट नाही. आणि कवी मित्रांनो, साहेबांची गाडी येईपर्यंत गर्दी धरून ठेवायला आपल्या कविता लावतात. ते मानधन घेण्याआधी साहेबांचं भाषण वाचायला मागा.

संपादकांना माझी मागणी आहे. दर अंकात एक पान भाषणाच्या परीक्षणाला द्या. सुरुवात आपल्याच पुढाऱ्याच्या भाषणापासून करा.