उघड्या आकाशाखालील कलामंडप

मरुभूमींत लोकांच्या कलांसाठीं मंडप उभारावयाचा झाल्यास तो कसा असावा? नाटक, नृत्य, चित्रप्रदर्शन, कविसंमेलन या सर्वांनाच तो सोयीचा हवा. आणि वैशाखाच्या उन्हांत माणसांचें रक्षणहि त्यानें केलें पाहिजे. या प्रश्नाचें उत्तर सरकत्या भिंतींत व घडीच्या आसनांत शोधण्याची रीत आहे. मुंबईचे वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) यांनीं मरुभूमीच्या वेशीवरील जयपुरांत निराळेंच उत्तर दिलें. त्यांनीं १९८६ मध्यें आखलेलें जवाहर कला केंद्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

सवाई जयसिंहानें १७२७ मध्यें वसविलेल्या या नगरीचा आराखडा नऊ चौरसांचा. टेकडीच्या अडथळ्यामुळें त्यांतील एक चौरस बाजूस सरला. कोरिया यांनींहि तीस मीटर बाजूचे नऊ चौरस कल्पिले, आणि एक कलता करून प्रवेशाची वाट काढली. प्रत्येक चौरस एकेका ग्रहाचा, भोंवतीं आठ मीटर उंच लाल दगडी भिंती. मधला चौरस सूर्याचा. तो मात्र रिकामा! वर छप्पर नाहीं, सभोंवार कुंडासारख्या पायऱ्या.

हा रिकामेपणाच या वास्तूचें मर्म होय. जेथें कांहींच कायमचें मांडलेलें नाहीं, तेथें हवें तें मांडतां येतें. कोरड्या, निरभ्र हवेंत सूर्यास्तानंतर भूमीची उष्णता आकाशाकडे झपाट्यानें निघून जाते. म्हणून उन्हाळ्यांत सायंकाळीं बंद दालनापेक्षां अंगणच सुखाचें. येथें भिंती हालत नाहींत. प्रहर पाहून माणसें जागा बदलतात.

परंतु ग्रीष्मांतील मध्यान्हीं काय? तेव्हां हा चौक तापलेल्या दगडाचा होतो. शाळेंतील मुलें, घरकाम आटोपून मोकळ्या झालेल्या स्त्रिया, यांची सवड बहुधा दुपारचीच असते. त्यांना जेथें बसवत नाहीं, त्या चौकास सर्वांचा कसें म्हणावें? जुन्या राजवाड्यांत अंगणावर कापडी चांदवा ताणीत व ऊन उतरतांच तो सोडीत. ही साधी युक्ति मध्यचौकाच्या मूळ योजनेंतच गोंवली गेली असती, तर सूर्याचा मान राहून माणसांचीहि सोय झाली असती.

पुढें कोणीं असा मंडप बांधूं म्हटल्यास त्यानें कोरियांकडून रिकामा चौक अवश्य घ्यावा. चांदव्याच्या दोऱ्यांसाठीं भिंतींत कड्या मात्र आधींच बसवाव्या.